मेजरचं पाळण्यातलं नाव

दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मिस डेल्फिया प्रेटर आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत यायच्या. पिशवी टेबलावर, कोट खुर्चीच्या पाठीवर आणि मग एक लांब उसासा. पॉपॉ ओढ्याच्या खोऱ्यात वाढलेल्या प्रत्येकाला तो उसासा ओळखीचा आहे. बाईंनी एकतीस वर्षं त्या रस्त्यावर शाळेची पिवळी बस चालवली, आणि बसचं दार उघडताना नेमका असाच आवाज व्हायचा. बस त्यांच्याकडून शिकली की त्या बसकडून, यावर आम्ही मागच्या सीटवर बसून पुष्कळ वाद घातले आहेत.

"आज सापडला तर बरं," त्या म्हणायच्या. "नाही तर सरळ टेकडीवर जाते, त्याच्या शेजारी आडवी होते आणि त्यालाच विचारते."

'तो' म्हणजे त्यांचे पणजोबा. शंभरावर वर्षं झाली त्यांना जाऊन. प्रेटरांच्या घरामागच्या टेकडीवर घराण्याची दफनभूमी आहे, तिच्या वरच्या कोपऱ्यात ओढ्यातून आणलेला एक तपकिरी धोंडा उभा आहे. त्याच्यावर अक्षर नाही, आकडा नाही. पण खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल की तो धोंडा मेजरचा. मेजर अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढले, घोड्यावर बसून लढले आणि परत येऊन इथंच मेले, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यांची तलवार प्रेटरांच्या टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेली आहे. ती तलवार म्हणजे मक्याची ताटं तोडायचा कोयता आहे, हेही सगळ्यांना ठाऊक. पण प्रेटरांच्या घरी कॉफी प्यायची असेल तर ते बोलायचं नसतं.

ठाऊक नव्हतं ते एकच. मेजरचं नाव.

म्हणजे आडनाव प्रेटर, हुद्दा मेजर, आणि मधलं, आईनं पाळण्यात घालताना ठेवलेलं नाव कुणालाच माहीत नाही. मेजरचा मुलगा वायली खाणीचं छत कोसळून गेला, तेव्हा त्याचा मुलगा, म्हणजे मिस डेल्फियांचा बाप, चार वर्षांचा होता. चार वर्षांच्या पोराला कोण सांगत बसणार की तुझ्या आज्याचं नाव अमुक. त्याच्या कानावर आलं ते 'मेजर', आणि तेच त्यानं पुढं दिलं.

शोध खरं तर मिस डेल्फियांचा नव्हताच. तो त्यांच्या थोरल्या भावाचा, डेन्झिलचा. डेन्झिल खाणीत होता. छातीत धूळ साठली म्हणून त्याला घरी बसवलं, तेव्हा तो चाळिशीही ओलांडलेला नव्हता. बसलेल्या माणसाला काहीतरी लागतं. शेजारच्या हॉल घराण्यातल्या एकानं दारू धरली, कॉर्बेट ब्लेअरनं कोंबड्यांच्या झुंजी धरल्या, डेन्झिलनं मेजर धरला. वर्षाला दोन पत्रं वॉशिंग्टनच्या दफ्तराला जायची. 'मेजर प्रेटर, उत्तरेचं सैन्य, केंटकी. पहिलं नाव माहीत नाही, ते कृपया कळवावं.' वर्षाला दोन उत्तरं यायची. 'या आडनावाचा मेजर हुद्द्याचा अधिकारी आमच्या नोंदींत आढळत नाही.' एका वर्षी वैतागून त्यानं दक्षिणेच्या सैन्यात शोधायला सांगितलं. ती बातमी पोस्टातून फुटली आणि ब्लेअर मंडळींनी पुढची दोन वर्षं त्याला जगू दिलं नाही.

पत्रांनी कामावरच्या बुटांची दोन खोकी भरली. मग साखरेच्या आजारानं डेन्झिलचे डोळे गेले आणि खोकी धाकट्या बहिणीकडे आली. घरात दुसरं होतंच कोण? त्याची बायको कधीच वारली होती, बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. आईचं आजारपण त्यांनी काढलं, मग बापाचं, आता भावाचं चाललं होतं.

"आणि आता मेलेल्यांचंही माझ्याचकडे," पहिल्या गुरुवारी खोकी माझ्या टेबलावर आदळत त्या म्हणाल्या होत्या. "खरं सांगू का टेरिल, मला ह्या माणसाचं काही देणंघेणं नाही. त्यानं लढाई जिंकली काय, हरली काय. जन्मभर मी लोकांना उचललंय आणि सोडलंय. हा शेवटचा. ह्याला एकदा त्याच्या दारात सोडला की मी गाडी बंद करणार."

अशी तीन वर्षं गेली. मग त्या ऑगस्टात लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांनी डेन्झिलची छाती तपासली आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा मे महिना बघतील, त्यापुढचं आम्ही बोलत नाही. बाजूला घेऊन काही उपयोग नव्हता. डोळे गेल्यापासून डेन्झिलचे कान भिंतीपलीकडचं ऐकायचे.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "सिस, माझी जागा मेजरच्या शेजारी आहे ना?"

"आहे. मीच चुना टाकून आखून ठेवलीय."

"मग बघ बाई लवकर. शेजाऱ्याचं नाव माहीत नसताना जाऊन झोपायचं म्हणजे बरं दिसत नाही."

हे मला त्यांनी सांगितलं ते हसत सांगितलं. पण त्या दिवसापासून त्या नुसत्या गुरुवारऐवजी मंगळवारी आणि गुरुवारीही यायला लागल्या.

नाव मे महिन्याच्या आत हवं, याला कारण होतं. आमच्याकडे मे महिन्यात दर घराण्याचा एकेक रविवार ठरलेला असतो. डेकोरेशनचा रविवार. झाडून सगळे टेकडीवर जमायचं, कबरींवरचं गवत खरवडायचं, माती उकरून वर चढवायची, फुलं मांडायची, आणि मग तिथंच चादरी पसरून जेवायचं. तारेच्या कुंपणापलीकडे ब्लेअरांची दफनभूमी आहे. त्यांचाही रविवार तोच. आणि त्यांच्याकडे सरकारनं दिलेले तीन पांढरेशुभ्र दगड आहेत, प्रत्येकावर ढाल कोरलेली, ढालीत शिपायाचं नाव आणि पलटण. दर वर्षी कोंबडीची तंगडी चघळत कॉर्बेट ब्लेअर कुंपणाशी यायचा आणि तेच विचारायचा: "काय डेन्झिल, तुमचा मेजर अजून गुप्त मोहिमेवरच आहे का?"

असा दगड मागण्याचा सरकारी अर्ज असतो. डेन्झिलनं त्याची प्रत वर्षानुवर्षं भरून ठेवली होती. आडनाव भरलेलं, हुद्दा भरलेला, गाव भरलेलं. पहिल्या नावाचा रकाना कोरा.

खोकी माझ्याकडे आली तेव्हा त्यांत नुसती पत्रं नव्हती, डेन्झिलचा एक पुरावाही होता. १८८० सालच्या शिरगणतीच्या पानाची छापील प्रत. त्यात लिहिलेलं: 'प्रेटर, मेजर. शेती. बायको लुव्हर्ना, मुलगा वायली, वय दोन.' प्रेटर मेजरच्या वयाच्या रकान्यात शाईचा डाग. डेन्झिलनं त्या ओळीखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं: 'बघा! सरकारी कारकुनानंसुद्धा हुद्दा सोडला नाही. केवढा मान!'

मी ती ओळ शंभरदा वाचली असेन. मीही मान डोलावली होती. गंमत अशी की वाचताना मला कधीही काहीही खटकलं नाही. ते का खटकायला हवं होतं, ते पुढं कळेल.

ऑक्टोबरात एका मंगळवारी मिस डेल्फिया म्हणाल्या, "आपण उलट जाऊ या. म्हातारा सापडत नाही, तर त्याचं पोरपण शोधू. युद्धाआधीची शिरगणती लाव."

मी १८५० ची फिल्म यंत्रात चढवली. प्रेटर नावाची यादी आधीच बघून झाली होती. पॉपॉ ओढ्यावर त्या साली एकही प्रेटर नव्हता.

"यादी मरू दे. पानं लाव," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"तीनशे पानं आहेत, मिस डेल्फिया."

"तुला शाळेत पोचवताना मी कधी म्हटलं का की सव्वीस थांबे आहेत म्हणून?"

मी पानं लावली. शिरगणतीचे ते कारकून घोड्यावरून घरोघर फिरायचे आणि दारं जशी येतील तशी माणसं लिहून काढायचे. अक्षर असं की घोड्यावर बसूनच लिहिलं असावं. मी नावं वाचायला डोळे ताणत होतो, आणि बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पाठ टेकली आणि हात मांडीवर असे ठेवले की जणू पुढ्यात मोठं चाक आहे.

"पहिलं घर कुणाचं?"

"स्टॅम्बॉ. जॉर्ज स्टॅम्बॉ."

"बरोबर. खिंडीतून उतरलं की उजव्या हाताला. अजून त्यांचेच खापरपणतू तिथं राहतात, अजून दारात कुत्री बांधत नाहीत. पुढं?"

"कॉन्ली."

"पुलाच्या अलीकडे. पुढं?"

"परत कॉन्ली. विधवा आहे, पाच पोरं."

"ते वरचं घर. पाच पोरं म्हणजे थांबायला चार मिनिटं. पुढं हॉल असणार."

हॉलच होते. अंगावर काटा आला म्हणणार होतो, पण त्या खोलीत हीटर बंद असल्यानं तो सकाळपासूनच होता. बाई डोळे मिटून बस चालवत होत्या आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची माणसं एकेक करून आपापल्या दारात उभी राहत होती. त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच दारांत, त्याच चिखलात, डबा विसरून उभी राहिलेली त्यांनी बघितली होती. पॉपॉ ओढ्यावरून कुणी उठून गेलेलं नाही. गेलं तर टेकडीवर.

"ब्लेअर," मी म्हणालो.

"थांब." त्यांनी डोळे उघडले. "हॉलनंतर लगेच ब्लेअर? मध्ये कुणी नाही?"

"मध्ये एक घर आहे. पण ते कुणी ब्रॅटर आहेत. ब्रॅटर की ब्रेडर, नीट लागत नाही."

"हॉल आणि ब्लेअर यांच्यामध्ये," मिस डेल्फिया हळूच म्हणाल्या, "माझं घर आहे रे."

मी भिंग लावलं. कारकुनाचा 'प' पोट सुटलेला होता, त्याचा 'ब' झाला होता. बाप सायलस, बत्तीस. आई नॅन्सी, अठ्ठावीस. खाली पोरांची ओळ. एलिझा, सात. हायरम, पाच. आणि मग तिसरं.

मी ते दोनदा वाचलं. मग हसू आवरेना म्हणून उगाच खोकलो.

"काय रे?"

"मिस डेल्फिया, मेजर सापडले."

"काय म्हणतोस! नाव काय?"

"मेजर."

"हुद्दा नाही विचारत, नाव सांग."

"नावच मेजर आहे. 'मेजर, वय तीन.'"

त्यांनी खुर्ची पुढं ओढली, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी पुस्तक परत करायच्या पेटीत पुस्तकं टाकत होतं, त्याचा धप धप आवाज येत होता.

"तीन वर्षांचा मेजर," शेवटी त्या म्हणाल्या. "बढती फार लवकर मिळाली म्हणायची."

मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावरही रुमाल डोळ्यांवरून काढला नाही.

आमच्या डोंगरात पोरांना हुद्द्यांची नावं ठेवायची खोड आजची नाही. कुणी स्क्वायर, कुणी कॅप्टन, कुणी डॉक. खिंडीजवळच्या पेट्रोलपंपावर कर्नल नावाचा माणूस माझ्या जन्माआधीपासून पंक्चर काढतो. त्यानं आयुष्यात खारीवरसुद्धा बंदूक चालवलेली नाही, आईनं ठेवलेलं नाव कर्नल. डेन्झिल त्याच्याकडूनच टायर बदलून घ्यायचा. मिस डेल्फियांनी एकतीस वर्षं बसची चाकं त्याच्याकडे नेली. मी त्याच्या मुलीला एकदा नाचायला येतेस का म्हणून विचारलं होतं. आणि १८८० च्या त्या पानावर 'मेजर' नावाच्याच जागी लिहिलेलं असूनही आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. वॉशिंग्टनच्या लोकांना दोष देण्यातही अर्थ नव्हता. आम्ही अधिकारी मागितला, त्यांनी अधिकारी नाही म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं इमानेइतबारे.

"म्हणजे तो सैन्यात नव्हताच," मिस डेल्फिया म्हणाल्या. आवाज अगदी बसलेला. "युद्ध लागलं तेव्हा चौदाचा असणार. चौदाचं पोर. संपलं एकदाचं."

त्यांनी कोट घातला. एक हात बाहीत गेला आणि दुसरा कितीतरी वेळ बाही शोधत राहिला. मी उठून धरली.

"युद्ध संपलं तेव्हा अठराचे होते," मी म्हणालो. "आपण अजून शिपाई कुठं मागितलाय? मेजरच मागत आलोय ना?"

त्या दारात थांबल्या. "तू बसमध्ये पण असंच करायचास. मी दार लावत आणलं की तुला वही घरी राहिल्याचं आठवायचं." मग परत येऊन बसल्या. "लिही. पण लवकर लिही, मला त्याची औषधं घ्यायचीयेत."

त्या दिवशी गेलेलं पत्र साधं होतं. आडनाव प्रेटर, पहिलं नाव मेजर, हुद्दा माहीत नाही.

डेन्झिलला त्यांनी काही सांगितलं नाही. तो दुपारी वाचनालयात फोन करायचा, आधी धाप, मग शब्द. "टेरिल, नाव लागलं का रे?" मी म्हणायचो, "शोधतोय." "काहीतरी भारदस्त असणार बघ. अँब्रोस वगैरे. घोड्यावर बसणाऱ्या माणसाचं नाव." मी हो म्हणायचो. खोटं बोलायला मला तसं जड जात नाही, पण आंधळ्या माणसाशी फोनवर बोलताना मान खाली जायची.

उत्तर डिसेंबरात आलं. बाईंनी पाकीट माझ्यासमोरच फोडलं, वाचलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'प्रेटर, मेजर. साधा शिपाई. कंपनी एफ, केंटकीचं पायदळ. भरती १८६४, सांगितलेलं वय अठरा. दोन महिने गोवर झाल्यानं इस्पितळात. त्यानंतर सामानाच्या गाडीवर खेचरं हाकण्याच्या कामी. युद्ध संपल्यावर सन्मानानं मोकळा.' एवढंच. लढाई नाही, घोडा नाही, तलवार तर नाहीच. सहीच्या जागी फुली.

"वय खोटं सांगितलंय," मी म्हणालो. "सतराचे होते."

मिस डेल्फिया दुसरीच ओळ बघत होत्या. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. चाक धरून धरून वाकडं झालेलं बोट.

"ड्रायव्हर होता," त्या म्हणाल्या. "अरे, हा ड्रायव्हर होता."

आणि मग: "खेचरं बरी. सीटच्या मागच्या बाजूला नावं तरी कोरत नाहीत." माझ्याकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही.

आता प्रश्न अर्जाचा होता. आम्ही नवा अर्ज घेतला. आडनाव प्रेटर. पहिलं नाव मेजर. हुद्द्याच्या रकान्याशी पेन आलं आणि थांबलं. तिथं 'साधा शिपाई' लिहिलं, दगडावर ते कोरलं गेलं, की डेकोरेशनच्या रविवारी कॉर्बेट ब्लेअर पूर्ण केंटकीत ते वाजवत फिरला असता. आणि डेन्झिलला कुणी ना कुणी वाचून दाखवलं असतंच.

"चाळीस वर्षं त्यानं ह्या माणसाला घोड्यावर बसवलंय," बाई म्हणाल्या. "मी त्याला मे महिन्यात खाली उतरवू? त्याला स्वतःला अंथरुणातून उतरवता उतरवता माझी कंबर जातेय."

मी ब्लेअरांच्या दगडांचे फोटो काढून आणले होते. ते त्यांच्यापुढं ठेवले. "हे तिघंही साधे शिपाईच होते, मिस डेल्फिया. बघा, हुद्दा कुठंय? जुन्या नमुन्याच्या दगडावर शिपायाचा हुद्दा घालत नाहीत. नुसतं नाव, कंपनी, पलटण."

त्यांनी फोटो बघितले. मग माझ्याकडे बघितलं. मग परत फोटो. चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. बसमध्ये गोंधळ घालणारा कोण ते आरशात दिसल्यावर पसरायचं तसं.

"म्हणजे दगडावर येणार..."

"मेजर प्रेटर. वर कोरलेलं, ढालीत. एक अक्षर खोटं नाही."

"आणि ज्यानं जे वाचायचं ते वाचावं." त्यांनी हुद्द्याचा रकाना कोरा सोडला आणि सही केली. "चाळीस वर्षं पहिल्या नावाचा रकाना कोरा, आता हुद्द्याचा. सरकारला वाटेल, हे घराणं एकदाही पेपर पूर्ण सोडवत नाही."

दगड मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला. ट्रकवाल्यानं तो प्रेटरांच्या फाटकाशी उतरवला आणि टेकडीकडे बघून म्हणाला, पुढचं तुमचं तुम्ही. आम्ही सहा जण लागलो. त्यात पंक्चरवाला कर्नलही होता, आणि हो, कॉर्बेट ब्लेअरही. दगड उचलायचा म्हटल्यावर इथं कुणी आडनाव बघत नाही. वर पोचेपर्यंत कॉर्बेट चार ठिकाणी बसला आणि प्रत्येक ठिकाणी म्हणाला की मेजरचं वजन कळतंय बरं का. तपकिरी धोंडा काढला नाही. बाई म्हणाल्या, शंभर वर्षं एकट्यानं उभा आहे, त्यालाही बसू दे बाजूला. दगड रोवला, माती ठोकली, आणि मिस डेल्फियांनी रविवारपर्यंत त्यावर जुनी चादर बांधून ठेवली.

रविवारी डेन्झिलला शेतातल्या चारचाकीवर बसवून वर आणलं. कर्नल चालवत होता, बाई मागं बसून भावाला दोन्ही हातांनी धरून होत्या. पिशवीत ऑक्सिजनची नळकांडी. वर पोचल्यावर डेन्झिल कितीतरी वेळ नुसता श्वास घेत बसला. खुर्ची दगडासमोर मांडली. चादरींवर कोंबडी आली, भरलेली अंडी आली, घेवड्याच्या शेंगा डुकराच्या चरबीत शिजवून आल्या, बर्था कॉन्लीचा सुक्या सफरचंदांचा सात थरांचा केक आला. पण कुणी हात लावला नाही. कुंपणापलीकडे ब्लेअरही उभे होते, तंगडी न चघळता.

बाईंनी चादर सोडली.

"सिस, हात दे," डेन्झिल म्हणाला.

त्यांनी त्याचा हात उचलून ढालीवर ठेवला. खाणीत बोटांची टोकं चेपलेली, नखं काळी. पण ती बोटं अंधारात काम करायला शिकलेली होती. ती पहिल्या अक्षरावर गेली, उतरली, चढली, परत उतरली.

"म," तो म्हणाला. मग एकेक करत पुढं. "मेजर." तो थांबला. ओठ हलत होते. "मेजर प्रेटर."

कॉर्बेटनं टोपी काढली. तो मुद्दाम काढतोय असं दाखवण्यासाठी त्यानं ती दोनदा काढली असावी, पण काढली.

डेन्झिलची बोटं खालच्या ओळीवर गेली, कंपनी वाचली, पलटण वाचली, दगडाच्या कडेपर्यंत गेली. मग उलट वर आली. ढालीच्या वरच्या कडेवरून फिरली, जिथं काहीच नव्हतं. परत फिरली.

"सिस."

"बोल."

"ह्यांनी हुद्दा घातला, आडनाव घातलं. मग पहिलं नाव कुठंय?"

टेकडीवर ज्यांना माहीत होतं असे आम्ही दोघंच. मी बाईंकडे बघितलं. एवढं करून, रकाना कोरा सोडून, दगड रोवून, आता फक्त 'नाही सापडलं रे' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मला वाटलं त्या म्हणतील. त्या खाली बसल्या, गवतावर, भावाच्या खुर्चीच्या पायाशी, आणि मग तो उसासा आला. शेवटच्या थांब्यावरचा. त्यानंतर बसमध्ये कुणीच उरलेलं नसायचं.

"सापडलं, डेन्झिल," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरातच सापडलं. तुझ्या बोटाखाली आहे."

"कुठं?"

"तेच. मेजर. त्याच्या आईनं ठेवलेलं. तीन वर्षांचा होता तेव्हापासून मेजर. सैन्यात साधा शिपाई होता, आणि खेचरांची गाडी हाकायचा. मी दमले रे. मला आता आणखी कुणाला घोड्यावर बसवून ठेवता येत नाही."

डेन्झिलचा हात दगडावरच होता. नळीतून हवेचा सू सू आवाज. कर्नल आपल्या बुटांकडे बघत होता, जणू सगळी चूक त्याच्या आईची. कुंपणापलीकडे कॉर्बेटचं तोंड उघडलं. त्याच्या बायकोनं त्याच्या पायावर पाय दिलेला मी बघितला, आणि ते मिटलं.

मग डेन्झिलची छाती हलायला लागली. मला वाटलं धाप लागली. मी नळकांड्याकडे धावलो. पण तो हसत होता, जेवढं त्या छातीला परवडेल तेवढं, थांबत थांबत.

"म्हणजे सिस," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी माझ्या सख्ख्या पणजोबाला, सगळ्या खोऱ्यासमोर, एकेरी नावानं हाका मारत होतो?"

"तू एकटा नाही," बाई म्हणाल्या. "आपण सगळेच."

"आणि तो बिचारा ओ देत नव्हता म्हणून मी वॉशिंग्टनला तक्रार करत होतो."

त्यानं हात दगडावरून काढला, आणि चाचपत बहिणीच्या डोक्यावर ठेवला. केसांत कबरीवरची माती होती, ती त्याच्या बोटांना लागली असणार. त्यानं झटकली नाही.

"खेचरं म्हणालीस ना?"

"हो."

"बरं झालं. घोडेवाल्याशी मला काय बोलता आलं असतं?" मग जरा दम खाऊन: "अंडी कुणी केलीयेत? वास येतोय केव्हाचा, आणि तुम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे."

बर्था कॉन्लीनं ताटली आणली. मिस डेल्फिया उठल्या नाहीत. दगडाला पाठ टेकून, पाय लांब करून त्या तशाच बसून राहिल्या, हात मांडीवर मोकळे. कुणीतरी त्यांच्याही ताटात वाढून आणलं, तेव्हा त्यांना झोप लागली होती. आम्ही उठवलं नाही.